सुमात्राचा वाघ एस्कॉन्डिडोत बघितला, आता मिटमिट्याचं बोलू

पैठणगेट

राम राम मंडळी. पोरगी-जावई सॅन डिएगोला असतात, यंदा आम्ही दोघं जाऊन आलो. बाकीची फिरफिर सोडा, ती सगळेच करतात. तिथून जवळ एस्कॉन्डिडो म्हणून गाव आहे, तिथं सॅन डिएगो झूवाल्यांचंच सफारी पार्क आणि त्यात फक्त सुमात्राच्या वाघांसाठी २०१४ मधे उघडलेलं टायगर ट्रेल. पाच एकराच्या वर जागा, तीन वेगवेगळी आवारं, धबधबा, पोहायला तळं, ओंडके, खडक, दाट झाडी आणि मधे मधे ह्या एवढाल्या काचा. माणसांना बसायला इंडोनेशियातल्यासारखं लाकडी लांबलचक घर बांधलंय.

आता गंमत अशी की वाघ दिसेचना. काचेसमोर निम्मा अमेरिका उभा आणि आत फक्त झाडं. मंडळी वैतागली, म्हणे एवढे डॉलर झाडं बघायला दिले का, झाडं तर हिमायत बागेत पण आहेत. मग कधीतरी एक गडी बांबूतून निघाला, सरळ पाण्यात उतरला, अंग भिजवून परत गायब. आपला ताडोबाचा वाघ डोक्यात ठेवून बघाल तर हा लहान वाटतो, पट्टे एकदम जवळजवळ आणि गालावर दाढीसारखे केस. पण काय रुबाब होता सांगू.

मला वाघापेक्षा त्या जागेनंच जास्त डोकं खाल्लं. एक म्हणजे तो परिसर काही सुमात्रासारखा नाहीये, आपल्या संभाजीनगरच्या सातारा-देवळाईच्या डोंगरासारखाच उघडाबोडका, काट्याकुट्याचा, पाऊस तर आपल्या निम्म्याच्या आसपास. तिथं ह्यांनी पाईप टाकून जंगल उभं केलं. आणि दुसरं, वाघाला न दिसायची मुभा दिली. आपल्याकडं शहराच्या कडेला मिटमिट्याला १०० एकरात सफारी पार्क व्हायचंय, सिद्धार्थ उद्यानातल्या झूचे वाघ तिकडं जायचेत. सिद्धार्थ पडलं शहराच्या मधोमध, बसस्टँडला खेटून, तिथं वाढणार कुठं. तर मिटमिट्याला वाघासाठी नेमकं काय पाहिजे यावर जाणकारांनी लिहावं. "आंतरराष्ट्रीय दर्जा" हा शब्द सोडून कायपण चालेल.

जेएस_९३०५

दादा ते सगळं खरंय पण वाघच दिसत नसल तर तिकीट कोण काढायलंय? आमच्या गावाकडून ट्रॅव्हल्स करून लोकं येतात, बिबी का मकबरा, वेरूळ, मग लेकरायसाठी वाघ. लेकरू रडलं तर बाप काय करल? आम्हाला काय झाडं कमी आहेत का शेतात.

डॉक्टर_गुरांचे

पैठणगेट, विषय चांगला काढला. मी परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजचा, आता निवृत्त, नोकरीत असताना झूच्या जनावरांशी थोडाफार संबंध आला. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

गज काढून टाकायची कल्पना जुनी आहे. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक म्हणून जनावरांचा व्यापारी होता, त्यानं १९०७ मधे झू उघडलं आणि सिंहापुढचे गज काढून खंदक खणला. लोकांना वाटायचं सिंह मोकळा आहे. मग मधल्या काळात स्वच्छतेचं भूत बसलं सगळ्यांच्या डोक्यावर, सिमेंट, फरशी, टाईल्स, नळीनं धुतलं की झालं. जनावर जगायचं पण करायला काही नसायचं त्याला. १९७० च्या दशकात सिॲटलच्या वुडलँड पार्क झूमधे गोरिलासाठी वेगळाच प्रकार केला, तिथं माणसालाच जनावराच्या मुलखात नेल्यासारखं वाटलं पाहिजे असा आराखडा होता. पैठणगेटनी बघितलं ते त्याच घराण्यातलं.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. ह्या हिरवळीतली बरीचशी तुमच्यासाठी असते. खोटा खडक, वेली, धबधब्याचा आवाज, ते लाकडी घर, हे बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. वाघाला सिमेंटचा खडक सुमात्राचा वाटतो की सातारा डोंगराचा, काही फरक पडत नाही. त्याला बघायचं असतं की खडक उन्हात तापतो का, त्याच्यामागं लपता येतं का, वर चढून चारी बाजू दिसतात का. लपायला जागा, उंचावर बसायला जागा, सावली, पाणी आणि काय करायचं ते स्वतः ठरवायची सोय. एवढं असलं तर कुंडीतला बांबू पण चालतो. एवढं नसलं तर मग पाच एकर गार्डन करून काय फायदा.

एका झूमधे, नाव घेत नाही, बाहेरून बघायला फार सुंदर आवार होतं. लॉन, फुलं, कारंजं. वाघ दिवसभर भिंतीच्या कडेकडेनं येरझाऱ्या घालायचा, जमिनीवर पायवाट पडली होती. कारण काय तर लॉनच्या मधे बसला की तिन्ही बाजूंनी माणसं. पाठ टेकायला एक कोपरा नाही. आम्ही फक्त दोन बाजूंना हिरवी नेट बांधा म्हणून सांगितलं, साधी नर्सरीवाली. बांधल्यावर येरझाऱ्या कमी झाल्या. पण पब्लिकला दिसत नाही म्हणून नंतर ती काढून टाकली.

किनवटकर

डॉक्टर येरझाऱ्याचं एकदम बरोबर. आमच्याकडं पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, आणि पलीकडं टिपेश्वर, जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. तिथला वॉकर म्हणून वाघ आठवतोय का? कॉलर लावलेला. २०१९ च्या जूनमधे निघाला तो तेलंगणा, नांदेड, हिंगोली करत करत डिसेंबरपर्यंत बुलढाण्याच्या ज्ञानगंगात पोचला, १३०० किलोमीटरच्या वर चालला. कापसातून, तुरीतून, रस्ते ओलांडत. ज्या जनावराच्या अंगात एवढं चालणं आहे त्याला तुम्ही एकरात मोजून काय देणार?

डॉक्टर_गुरांचे

यावर अभ्यास झालाय. २००३ मधे रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघींनी नेचर मासिकात मांडलं होतं की जंगलात ज्या मांसाहारी जनावरांचा फिरण्याचा टापू मोठा, ती पिंजऱ्यात जास्त येरझाऱ्या घालतात आणि त्यांची पिल्लं पण जास्त दगावतात. पांढरं अस्वल त्यात सगळ्यात वाईट. म्हणजे किनवटकर म्हणतात ते खरंच आहे, जंगलाएवढी जागा कोणीच देऊ शकत नाही. पण वाघ हौस म्हणून चालत नाही हो. वॉकर चालला ते जागा, शिकार आणि मादी शोधत. आवारात तुम्ही ह्या गोष्टींच्या जागी दुसरं काहीतरी दिलं पाहिजे, नुसते एकर वाढवून भागत नाही. आपल्या केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाचा नियम वाघाच्या जोडीला कमीत कमी १००० चौरस मीटर बाहेरची जागा असा आहे, म्हणजे पाव एकर. तो किमान आकडा आहे, पण गुत्तेदाराला तोच कमाल वाटतो.

हर्सूल_नीटवाला

सर एक डाऊट. सुमात्राचा वाघ ही वेगळी जात आहे का? कुठं सोंडाइका लिहिलेलं असतं कुठं सुमात्रे, आणि क्लासच्या नोट्समधे तिसरंच.

डॉक्टर_गुरांचे

नीटला विचारणार नाहीत बाळा, पण ऐक. २०१७ मधे मांजरकुळाचं वर्गीकरण करणाऱ्या तज्ञांच्या गटानं वाघाच्या दोनच उपजाती धरल्या, एक मुख्य भूमीवरची आणि एक सुंदा बेटांवरची, सोंडाइका. दुसऱ्यात सुमात्रा, जावा, बाली तिन्ही आले. लगेच २०१८ मधे जनुकांचा अभ्यास आला, त्यात म्हणे सहा वेगळे गट स्पष्ट दिसतात आणि सुमात्राचा त्यातला एक. भांडण चालू आहे. बालीचा वाघ गेल्या शतकाच्या मधाआधीच संपला, जावाचा १९७०-८० च्या आसपास. बेटांवरचा उरला तो फक्त सुमात्राचा, ४०० ते ६०० च्या घरात अंदाज, कोणी ४०० च्या पण खाली धरतं. समुद्र वर आला, बेट तुटलं, तेव्हापासून तो एकटा पडला. नर साधारण १०० ते १४० किलो, आपला नर २०० च्या पुढं सहज जातो. तिथं सांबर आहे, रानडुक्कर आहे, पण गव्यासारखं मोठं धूड पाडायची वेळ कमी, आणि दाट झाडीतनं वाट काढायची तर लहान अंगच बरं.

लातूरची_वेणू

मी लँडस्केपचं काम करते, पुण्यात शिकले, आता लातुरातच ऑफिस आहे. पैठणगेट काकांनी एस्कॉन्डिडो आणि सातारा डोंगराची जोडी लावली ती मला फार आवडली पण उत्तर मात्र उलटं आहे असं वाटतं.

कोरड्या मुलखात त्यांनी पावसाळी जंगल उभं केलं कारण त्यांचा वाघ तसल्या जंगलातला. सुमात्रात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणारी ठिकाणं आहेत, आपल्याकडं सातशेच्या आसपास आणि तो पण लहरीवर. आपल्याकडं जे वाघ आहेत ते बंगालचे, मूळ मध्य भारतातले, सागवान, धावडा, सालई, पळस असल्या पानगळीच्या जंगलात राहणारे. उन्हाळ्यात त्यांचं जंगल पण वाळलेलंच असतं! मग मिटमिट्याला हिरवंगार लॉन, ताडाची झाडं, पाम, फर्न कशाला? मागं एका ठिकाणी, झूचं काम नव्हतं, बागेचं होतं, आम्हाला "जंगल थीम" म्हणून जो नमुना दिला होता त्यात सगळी झाडं बाहेरची होती. मी म्हणलं उन्हाळ्यात पाणी कोण देणार, तर म्हणे टँकर.

मी लातूरची आहे. २०१६ ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आहे. टँकरवर जगणारं जंगल मला दाखवू नका.

जेएस_९३०५

वेणूताई 👏👏 टँकरवाल्याचा पण विचार करा की, त्यायला पण लेकरंबाळं आहेत 😄

पैठणगेट

वेणूताई, मला सुमात्रा आणायचा नाहीच इकडं. मला त्यांची बारीक विचार करायची पद्धत आवडली एवढंच. पण पळस-सालई उन्हाळ्यात खराटा होतात. ४२-४३ डिग्रीत वाघ बसणार कुठं? पब्लिकला पण सुकलेलं बघून वाटतं की लक्ष देत नाहीत.

लातूरची_वेणू

मिसळून लावायचं काका. नाल्याच्या कडेला जांभूळ, करंज, उंबर, हे मे मधे पण हिरवे राहतात. त्यांची सावली पाण्याच्या कुंडावर पडली पाहिजे, म्हणजे झाडं नैऋत्य-पश्चिमेला, दुपारनंतरचं ऊन अडवायला. हे नकाशावर कोणी बघतच नाही, कुंड एकीकडं झाड एकीकडं. मोकळ्या भागात पळस, धावडा, खैर, बोर, कळकाचा बांबू आणि उंच गवत. गवत वाळलं तरी राहू द्यायचं, वाघाचे पट्टे त्यातच लपतात, त्यासाठीच तर आहेत ते. आणि कुंड म्हणजे निळ्या टाईल्सचा स्विमिंग पूल नव्हे. उतार पाहिजे, वाघाला चालत चालत गळ्यापर्यंत जाता आलं पाहिजे. पाणी फिल्टर होऊन परत फिरलं पाहिजे, वापरलेलं पाणी झाडांना. एवढं केलं तर टँकर बराच कमी लागतो.

डॉक्टर_गुरांचे

उताराचं अगदी महत्त्वाचं बोललात. लंडन झूनं २०१३ च्या मार्चमधे सुमात्राच्या वाघांसाठी टायगर टेरिटरी उघडलं, आधीच्या जागेच्या पाचपट. कौतुक झालं सगळीकडं. त्याच वर्षी तिथं बऱ्याच वर्षांनी पिल्लू जन्मलं आणि ऑक्टोबरमधे ते तिथल्या पाण्यात बुडून मेलं. एवढे अनुभवी लोक, एवढा पैसा. पुढं २०१४ च्या फेब्रुवारीत त्याच वाघिणीला, मेलातीला, तीन पिल्लं झाली आणि ती जगली. म्हणून सांगतो, मोठ्या वाघासाठी बांधलेली गोष्ट पिल्लासाठी घातक असू शकते. आपल्याकडं तर सिद्धार्थमधे २०२० च्या नाताळच्या दिवशी समृद्धी वाघिणीनं एकदम पाच पिल्लं दिली होती. बाळंतपणाची खोली, कुंड रिकामं करायचा वॉल्व, हे आधीच आराखड्यात पाहिजे.

आणि मेलातीचं पुढं काय झालं ते पण सांगतो, कारण त्यात दरवाजाचा प्रश्न आहे. २०१९ मधे डेन्मार्कहून आसिम नावाचा नर आणला, जोडी जमवायला. आधी काही दिवस शेजारी शेजारी ठेवले, जाळीतून एकमेकांना बघू दिलं, वास घेऊ दिला. चांगली लक्षणं होती. मधलं दार उघडलं आणि त्यानं तिला मारलं. सोडवायला गेलेल्या लोकांनी आवाज केले, फटाक्यासारखे भोंगे वाजवले, उपयोग झाला नाही. नंतर त्याच आसिमची गायशा नावाच्या वाघिणीशी जोडी जमली आणि २०२२ मधे तीन पिल्लं झाली. वाघ आहे तो. सगळे नियम पाळून पण असं होऊ शकतं, म्हणून एका वाघाला दुसऱ्याच्या नजरेआड होता येईल अशा जागा आणि माणसाला बाहेरून झटकन बंद करता येतील अशी सरकती दारं, ही तुमच्या त्या धबधब्यापेक्षा आधी.

हर्सूल_नीटवाला

सर मग ते करायला काहीतरी द्यायचं म्हणजे काय देतात? बॉल वगैरे?

डॉक्टर_गुरांचे

बॉल, ओंडके, गोठवलेल्या रक्ताचे गोळे, मांस खांबावर टांगून ठेवायचं म्हणजे उडी मारावी लागते. पण सगळ्यात स्वस्त आणि भारी गोष्ट म्हणजे वास. सांबराचं शेण, हरणाखालचा पेंढा, दुसऱ्या वाघाच्या लघवीचा वास लागलेलं लाकूड, गवती चहा, जिरं-दालचिनी सुद्धा. रोज वेगळी जागा. वाघ अर्धा दिवस त्यामागं घालवतो.

किनवटकर

वासावरून आठवलं, अवनी वाघिणीच्या वेळी पांढरकवड्याकडं कॅल्विन क्लाइनचं ऑब्सेशन सेंट आणलं होतं तिला पकडायला, २०१८ ला. पेपरात वाचून आमच्याकडं लोकं पोट धरून हसले होते. शेवटी नोव्हेंबरमधे गोळीच घातली, तो वेगळा विषय आणि त्यावर इथं भांडण नको.

डॉक्टर_गुरांचे

हसण्यासारखं नव्हतं ते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधे बरेच सेंट चित्त्यांवर तपासून बघितले होते, त्यात हे सगळ्यात जास्त चाललं. त्यात उदमांजराच्या कस्तुरीसारखा घटक असतो.

धाराशिवची_मी

सगळे मिटमिटा मिटमिटा करायलेत, आमच्याकडं तर वाघ स्वतःच आला की! डिसेंबर २०२४ ला येडशीच्या रामलिंग घाटात कॅमेऱ्यात दिसला, टिपेश्वरहून एवढ्या लांब. बार्शीकडं पण फिरला. पकडायला टीमा आल्या, ड्रोन आले, पण वाघ काही हाताला लागंना. आमच्या मामाच्या आखाड्यावर रात्रीची मोटर चालू करायला कोणी जात नव्हतं. येडशीचं अभयारण्य सगळं मिळून २२ चौरस किलोमीटर. झूमधल्या वाघाला लपायला जागा द्या म्हणताय ते ठीक, पण बाहेरच्या वाघाला पण कुठंतरी लपायला पाहिजे ना.

कन्नडकर_भटक्या

आमच्या गौताळ्यात पण २०२१ च्या मार्चमधे आला होता, तो पण टिपेश्वरचाच, तीनशे किलोमीटरच्या वर चालून. १९४० नंतर पहिल्यांदा म्हणे. गौताळा २६० चौरस किलोमीटर आहे, पाणी आहे, रानडुकरं तर शेतकऱ्याला विचारा किती आहेत. माझं तर स्पष्ट मत आहे की १०० एकरावर पैसे ओतण्यापेक्षा गौताळा-अजिंठा पट्टा सांभाळा. झू म्हणजे शेवटी जेलच. पाच एकराचं जेल, काच लावलेलं.

जेएस_९३०५

भटक्या भाऊ जेल मधल्याला बाहेर सोडून बघा मग कळल. जन्मलेलंच आत आहे ते, शेळी पण धरता यायची नाही.

लातूरची_वेणू

आणि सोडणार तरी कुठं. सिद्धार्थचे वाघ आता आहेतच, ते पुढं जगणार आहेत, त्यांना चांगली जागा द्यायची की नाही एवढाच प्रश्न आहे. गौताळा पण सांभाळा, कोण नाही म्हणतंय. एकाचे पैसे दुसरीकडं वळत नसतात, बजेटचे हेड वेगळे असतात.

पैठणगेट

जेलवरून एक सांगतो. त्या सफारी पार्कात २०१७ मधे एक पिल्लू आलं होतं, मेक्सिकोच्या सीमेवर एका १८ वर्षाच्या पोराच्या गाडीत सापडलेलं, पाळायला आणत होता म्हणे. ते निघालं बंगालचं. त्याच दरम्यान वॉशिंग्टनच्या झूमधे सुमात्राच्या एका वाघिणीनं आपलं पिल्लू, राकान, टाकून दिलं होतं, त्याला विमानानं तिकडं पार्कात आणलं आणि दोघांना एकत्र वाढवलं. पुढं दोघं पण अल्पाईन गावच्या एका आश्रयस्थानात गेले. पोरीनं मला ते जुने व्हिडिओ दाखवले. आता त्या पिल्लाला जेल कुठलं म्हणायचं, गाडी का पार्क?

कन्नडकर_भटक्या

ते ठीक आहे. पण सुमात्राचा वाघ वाचवायला झू लागतं हे पटत नाही मला. जंगल तोडलं म्हणून तो संपतोय.

डॉक्टर_गुरांचे

हे मान्य. जंगल तोडलं, फासे लावले, कातडं-हाडांची तस्करी. केरिंची सेब्लात, गुनुंग लेउसर, बुकित बारिसान सेलातान ही तिन्ही राष्ट्रीय उद्यानं मिळून २००४ मधे जागतिक वारसा झाली आणि २०११ पासून धोक्यातल्या यादीत आहेत. झूमधे काही शे सुमात्रा वाघ आहेत, त्यांच्या जोड्या वंशावळ बघून लावतात, म्हणून तर डेन्मार्कचा नर लंडनला जातो. तो राखीव साठा आहे, जंगलाच्या बदल्यात चालणारा नाही. आणि आपल्याकडच्या पांढऱ्या वाघावर पण बोलून घेतो, कारण सिद्धार्थला गर्दी त्यांच्यासमोरच असते. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, १९५१ मधे रीवाला पकडलेल्या मोहन नावाच्या एका वाघापासून नात्यातल्या नात्यात लावून लावून वाढवलेली औलाद आहे. डोळे तिरळे, आजार जास्त. जागा मर्यादित असेल तर नवीन पांढरी पिल्लं काढण्यात काय अर्थ आहे हे मला कोणी सांगावं.

जेएस_९३०५

जंगल तोडलं कशाला ते पण बोला की डॉक्टर. पामतेल! आता माझा विषय आला. जगात सगळ्यात जास्त पामतेल बाहेरून आणणारा देश आपलाच. तुम्ही जे फरसाण खाता, बिस्किट खाता, त्यात तेच. आणि ते स्वस्तात आलं की आमच्या सोयाबीनचा भाव पडतो. सप्टेंबर २०२४ ला सरकारनं कच्च्या तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, आम्हाला वाटलं आता बरं होईल, मे २०२५ ला परत १० वर आणलं. २०२४-२५ ला हमीभाव ४८९२ होता आणि मोंढ्यात त्याच्या खाली विकून आलो आम्ही. म्हणजे तिकडं वाघाचं घर गेलं आणि इकडं माझं पण गणित गेलं, एकाच डब्यामुळं. सुमात्राच्या वाघाला म्हणावं लातूरला ये, दोघं मिळून मोर्चा काढू.

लातूरची_वेणू

😂😂 हे तुम्ही बाहेर मोठ्यानं सांगायला पाहिजे. पण एक आहे हं, एकरी तेल बघितलं तर पाम सोयाबीनच्या कितीतरी पट देतं. पाम बंद केलं तर तेवढ्याच तेलासाठी सोयाबीनला अजून जंगल तोडावं लागेल कुठंतरी. पाम नवीन जंगल तोडून लावलं का जुन्या जमिनीत, हे बघायला पाहिजे.

जेएस_९३०५

ते मला माहीत नाही, मला माझा भाव पाहिजे.

हर्सूल_नीटवाला

मी मिटमिट्याबद्दल लिहितो परत. तिकीट काढणाऱ्यांचं काय करायचं हे राहिलंच की. वाघ लपला तर लोक दगड मारतात, मी स्वतः बघितलंय, पाण्याच्या बाटल्या पण.

लातूरची_वेणू

त्याला उपाय आहे. बसायची जागाच अशी करायची की वाघाला काचेजवळ यावंसं वाटेल. काचेला लागून सावलीतला कट्टा, त्याखालून गार पाण्याचा पाईप. मे महिन्यात तो तिथंच येऊन पडणार, कोणी बोलवायला नको. थंड देशात उलटं करतात, कट्टा तापवतात. माणूस आत अंधारात, वाघ उजेडात, म्हणजे काचेवर थापट्या मारणारे पण कमी होतात. आणि बघायची जागा एकाच बाजूला, एकदम अरुंद, चारी बाजूंनी फिरायचा रस्ता नको म्हणजे नको. दगड मारायला नेम लागतो, नेम धरायला मोकळी जागा लागते.

डॉक्टर_गुरांचे

मार्मिक. आणि जोडीला किपरचं प्रशिक्षण दाखवा लोकांना. बऱ्याच झूमधे वाघाला शिकवतात की शिट्टी वाजली की जाळीला अंग टेकून उभं राहायचं, शेपूट फटीतून बाहेर द्यायची, शेपटीतून रक्त काढून घेतात, बेशुद्ध करायची गरज नाही, बदल्यात मांसाचा तुकडा. हे बघायला लोक ताटकळत उभे राहतात. दगडाची आठवण पण येत नाही. आपल्याकडचे किपर हे सहज शिकतील, त्यातल्या बऱ्याच जणांचं जनावरांशी जन्माचं नातं आहे. फक्त त्यांना रोजंदारीवर ठेवून वर्षाला बदलू नका, वाघ माणूस ओळखतो.

पैठणगेट

हे सगळं एका कागदावर घेतो आणि नेऊन देतो. वेणूताई झाडांची यादी टाका, पण आपल्या नर्सरीत मिळतील अशीच. डॉक्टर तुम्ही काय लावायचं नाही ते लिहा.

डॉक्टर_गुरांचे

कण्हेर लावू देऊ नका, कुठल्याही परिस्थितीत. रस्त्याच्या डिव्हायडरवर दिसते म्हणून गुत्तेदार तीच उचलून आणतो, विषारी आहे. घाणेरी पण नको. कुसळी गवत नको, डोळ्यात पंजात जातं. खंदकाच्या बाजूला झुकणारं झाड नको, वाघ चढतो. आणि रात्रीच्या खोल्यांना उतार द्या, पाणी तुंबलं की पंजे सडतात. उन्हाळ्यात कूलर लावणारच आहात, तर त्याची वायर वाघाच्या पंजाच्या टप्प्यात येऊ देऊ नका, हे लिहायला लागतं.

धाराशिवची_मी

कधी जाणारात द्यायला? मी पण येते, माझी नणंद पडेगावला राहते, मिटमिटा तिथून जवळच.

पैठणगेट

जूनच्या पहिल्या आठवड्यात बघू.

जेएस_९३०५

जूनमधे नको, पेरणी असते. जुलैत ठेवा, मी गाडी घेऊन येतो. डॉक्टरला परभणीहून उचलतो आणि वेणूताईला लातुरातून. डिझेल सगळ्यांनी वाटून.